डंडीच्या कागदावर सही करण्याआधी

वॉटफर्ड
गुरुवार, दुपारी साडेबारा

प्रिय नकुल,

जय भीम. तू फोन उचलत नाहीस, मेसेज वाचतोस पण उत्तर देत नाहीस, म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसले. मराठीत का लिहितेय ते आधी सांगते, नाहीतर पहिल्याच ओळीला वैतागशील. इंग्रजीत लिहायला घेतलं की माझ्या हातून ऑफिसची ईमेलच उतरते. सुरुवातीला 'होप यू आर वेल', शेवटी 'काइंड रिगार्ड्स', आणि मधल्या मधे लिहिणारं माणूस गायब. शिवाय मराठी तू हळू वाचतोस, ओळीखाली बोट धरून, शनिवारच्या वर्गात वाचायचास तसं. हे पत्र तू हळूच वाचायला हवंस. अडलास तर वीरला विचारू नकोस. तो तुझा जिवलग मित्र असेल, पण त्याचं मराठी तुझ्याहून अगाध आहे. अडलेला शब्द सोड आणि पुढे जा. मात्र शेवटपर्यंत जा, आणि शेवटाला पोचेपर्यंत त्या डंडीच्या कागदावर सही करू नकोस. माझ्यावर कितीही चिडलेला असलास तरी एवढं ऐक.

तुला सोमवारी जे सांगितलं गेलं ते पुन्हा नीट मांडते, कारण तुला ते घाईत आणि अर्धवट सांगितलं. आपला सेंटर टोबी डिसेंबरात गुडघा धरून बसला, तेव्हापासून बास्केटखाली पाय रोवून उभा राहील असा उंच माणूस आपल्याकडे नाही. आपण लीगच्या टेबलात सातवे आहोत. हल शहरातल्या क्लबकडे तसा सेंटर आहे, पण त्याच्या बदल्यात त्यांना अनुभवी गार्ड हवा, आणि तो आपल्याकडे नाही. तो स्कॉटलंडमधल्या डंडीच्या क्लबकडे आहे. डंडीला त्याच्या बदल्यात तेवीस वर्षांच्या आतला, याच देशात घडलेला, करार अजून दोन वर्षं शिल्लक असलेला मुलगा हवा, आणि तसे आपल्याकडे आहेत. दोघांत जमत नव्हतं ते तिघांत जमवलं गेलं: हलचा सेंटर आपल्याकडे, डंडीचा गार्ड हलला आणि तू डंडीला. आपल्या बास्केटबॉल लीगने ही अदलाबदल तीन वर्षांपूर्वी सुरू केली, तीन क्लबांची तर ही पहिलीच. उद्या शुक्रवारी दुपारी बारा वाजता मुदत संपते. बाकी दोघांचे कागद लीगकडे पोचले. राहिला तुझा.

आता जे तुला सांगितलं नाही ते. डंडीकडे तुझ्या जागेवर खेळणारे दोघे आधीच आहेत आणि दोघंही चांगले आहेत. त्यांना तू आत्ता नकोयस, वर्षा-दोन वर्षांनंतरसाठी हवायस. तोवर तू बेंचवर बसशील आणि टाइमआउट झाला की पाण्याच्या बाटल्या पुढे करशील. उन्हाळ्यात देशाच्या संघाच्या शिबिराला वीस मुलं बोलावणार आहेत. गेल्या वर्षी तुझं नाव तेविसावं होतं हे मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे, आणि तू ते फ्रिजवर चिकटवून ठेवलं होतंस. बेंचवरच्या मुलाला कोणी बोलावत नाही. मला हे सगळं त्या सोमवारी माहीत होतं. त्याच्या आधीपासून माहीत होतं.

सोमवारी संध्याकाळी तू ट्रॅकसूट न बदलताच स्वयंपाकघरात आलास. मी भेंडी चिरत होते आणि चिरतच राहिले, कारण मान वर करायची हिंमत नव्हती. तू विचारलंस, "आत्या, डिड यू नो?" मी हो म्हटलं. मग तू मराठीत शिरलास. तू मराठीत शिरतोस तेव्हा काहीतरी खरंच लागलेलं असतं. "माझा चूक काय झाला?" एरवी मी तिथल्या तिथे 'माझी चूक' म्हणून सुधारलं असतं, तुझ्या बाबाच्या मते मी लग्नाच्या जेवणातही लोकांचं व्याकरण सुधारते. त्या दिवशी सुधारलं नाही. म्हटलं ते एवढंच: "बाळा, माझ्या हातात नव्हतं रे." तू मान हलवलीस, वर जाऊन बॅग भरलीस आणि वीरकडे निघालास. जाता जाता म्हणालास, "आत्या, भाजी बर्न होते." तेवढ्यातही माझ्या भाजीची काळजी! त्या भेंडीचा कोळसा झाला आणि मी ती उभ्या उभ्या तशीच खाल्ली.

आत्ता फोन वाजला. ग्रेग होता. आपल्या स्पोर्टिंग डायरेक्टरचा आवाज किती गोड होऊ शकतो हे तू ऐकायला हवं होतंस. "एनी न्यूज फ्रॉम युवर बॉय?" असं विचारत होता. माझा मुलगा काय! दोन वर्षं ड्रेसिंग रूममध्ये तू सगळ्यांसारखा नकुल होतास, आज एकाएकी माझा झालास. मी म्हटलं, अजून काही नाही, आणि ठेवला. 

तू सोळाव्या वर्षी क्लबच्या अकॅडमीसाठी लेस्टरहून माझ्याकडे राहायला आलास तेव्हा सहा फूट एक इंच होतास आणि माझ्या पाहुण्यांच्या खोलीतला पलंग होता पाच फूट दहा. आम्ही त्याच्या पायथ्याशी माझी नागपूरहून आणलेली पत्र्याची ट्रंक लावली, वर उशी ठेवली आणि तू दोन वर्षं त्या ट्रंकेवर पाय टाकून झोपलास. आई-बाबांची आठवण येते असं एकदाही म्हणाला नाहीस. फक्त रविवारी त्यांच्याशी बोलून झालं की बाहेर जाऊन गॅरेजच्या दारावर बॉल आपटायचास, आणि शेजारची मिसेस हॉब्ज मला चिठ्ठ्या टाकायची. अकॅडमीचा कोच सगळ्या मुलांना रोज शंभर फ्री थ्रो मारायला सांगायचा. तू दोनशे मारायचास. मी एकदा कार पार्कमध्ये पन्नास मिनिटं गाडीत कुडकुडत तुझी वाट पाहिली आणि तू आल्यावर तोंडसुख घेतलं. तू सीटबेल्ट लावत शांतपणे म्हणालास, "डबल, आत्या. यू सेड."

मी कधी म्हटलं होतं ते मला आठवेना. तूच आठवण करून दिलीस. तू अकरा वर्षांचा असताना आपल्या मंडळाची बस लेस्टरहून लंडनला गेली होती, किंग हेन्रीज रोडवरच्या बाबासाहेबांच्या घरी. सगळे माना वर करून भिंतीवरचे फोटो बघत होते आणि तू जिन्यात हवेतला बॉल ड्रिबल करत होतास. मला लाज वाटली. तुला बाजूला घेतलं, पायरीवर बसवलं आणि म्हटलं, की नकुल, आपल्याला दुप्पट करावं लागतं, तेव्हा लोक आपलं अर्धं धरतात. तुला तेव्हा काय समजलं असेल कोण जाणे. मला वाटलं, एका कानाने ऐकलंस आणि दुसऱ्याने सोडलंस. पण तू ते वाक्य पाच वर्षं खिशात घालून फिरलास आणि माझ्याच गाडीत काढून दाखवलंस. त्या रात्री मी माझ्या दादाला, म्हणजे तुझ्या बाबाला, फोन करून सांगितलं की तुझा मुलगा कुठेतरी पोचणार. तो म्हणाला, "आधी जीसीएसईच्या परीक्षेत पोचू दे."

आता मुख्य गोष्ट. आतापर्यंत मी तिच्याभोवती घिरट्या घालत होते, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

तीन क्लबांचा तो प्रस्ताव माझा आहे. ग्रेगचा नाही, बोर्डाचा नाही. दोघांत अडलेलं तिघांत सोडवायचं हे माझ्या डोक्यातून आलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात याच डायनिंग टेबलावर बसून मी ते कागदावर मांडलं. तू समोर बसून कॉर्नफ्लेक्स खात होतास आणि मला विचारलंसही, "व्हॉट्स दॅट, सुडोकू?" तेव्हा त्यात तुझं नाव नव्हतं. तेवीसच्या आतली, दोन वर्षांचा करार असलेली आपल्याकडे दोन मुलं आहेत, तू आणि ऑली. डंडीला पाठवायला दोघांपैकी कोण, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर द्यायचं काम माझं. ग्रेगला आकड्यांचा तक्ता लागतो, आणि या क्लबात तक्ते मी करते. त्याआधी सोळा वर्षं हॉस्पिटलात केले.

मी तक्ता केला. पॉइंट, असिस्ट, फ्री थ्रो, मिनिटं. यात तू आणि ऑली जवळजवळ बरोबरीत आहात. मग शेवटचा कॉलम. तो खेळाडू कोर्टवर असताना आपला संघ किती पुढे जातो आणि तो बसला की किती मागे पडतो. मी नेहमी हा कॉलम घालते, ग्रेग नेहमी पहिल्यांदा तोच बघतो. त्यात तू आणि ऑली बरोबरीत नाही आहात, नकुल. अठरा सामन्यांत तू आत असताना आपण एकूण एकाहत्तर पॉइंटांनी पुढे आहोत. ऑली आत असताना बावीसने मागे. हा आकडा तुला कोणी सांगितला नसेल, म्हणून लिहिते. एकाहत्तर. शिवाय ऑली तुझ्या जागेवर खेळतच नाही, तो कोर्टच्या कडेला, विंगवर खेळतो, आणि डंडीला विंगवरच माणूस कमी आहे. आकडे, गरज, सगळं एकाच बाजूला बोट दाखवत होतं.

आणि मी तो कॉलम काढून टाकला.

कोणी सांगितलं नव्हतं. कोणी सुचवलंही नव्हतं. मी पडद्यावर त्या एकाहत्तरकडे पाहत बसले आणि माझ्या कानात आवाज यायला लागले. बघा, आत्याने आपल्या भाच्यासाठी कसा बरोबर कॉलम घातलाय. आपली माणसं आली की यांचं गणित कसं वळतं बघा. त्या खोलीत मी एकटी होते, सकाळचे दहा वाजले होते, बाहेर कौन्सिलची कचरागाडी बिन्स रिकामे करत होती. कोणी काही म्हणण्याआधीच मी ऐकलं आणि कोणी विचारण्याआधीच उत्तर दिलं. बरोबरीत दिसणाऱ्या दोन नावांपैकी तुझ्या नावापुढे मी खूण केली आणि खाली लिहिलं, 'रेकमेंडेड'.

गेल्या आठवड्यात मंगळवारी मीटिंगमध्ये ग्रेगने तक्ता पाहून भुवया उंचावल्या. नेहमीचा कॉलम कुठे गेला, असं त्याने विचारलं असतं तर कदाचित मी तिथेच कोसळले असते. त्याने विचारलं नाही. चेअरमन म्हणाले, "दॅट्स व्हेरी प्रोफेशनल ऑफ यू, मृणाल." आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, दिवसभर बरं वाटलं. मी कँटीनमध्ये दोन वेळा पुडिंग घेतलं. घरी आले तेव्हा तू माझ्यासाठी वरण-भाताचा कुकर लावून ठेवला होतास आणि मी जेवताना तुझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

ही सवय मला कुठून लागली ते सांगते. ही सबब नाही. तुझे आजोबा, काशीनाथ, वीज मंडळात इंजिनियर होते. त्यांच्या हातात बदलीची यादी यायची तेव्हा ते आपल्या वस्तीतल्या माणसाचं नाव सगळ्यात लांबच्या गावाला टाकायचे, म्हणजे कोणाला बोलायला जागा नको. मी कॉलेजात खुल्या यादीत अकरावी होते, आणि तरी पहिल्याच दिवशी शेजारच्या मुलीने मला सवलतीचा फॉर्म कुठे मिळतो ते प्रेमाने दाखवलं. तो प्रेमळपणा मी तीस वर्षं गिळून बसले आहे. तेव्हापासून माझ्या घरातली पट्टी इतरांच्या पट्टीपेक्षा एक इंच लांब. माझ्या माणसाने त्या इंचावर उडी मारली तरच ती मी मोजणार. याला मी इतकी वर्षं स्वाभिमान म्हणत होते. परवा रात्री पहिल्यांदा लक्षात आलं, की ही भीती आहे, आणि ती मी तुझ्या खांद्यावर ठेवून निवांत झाले.

आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही. तू नऊ वर्षांचा होतास. मी तेव्हा लेस्टरलाच राहायचे आणि बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या हॉलमध्ये आपला शनिवारचा मराठी वर्ग भरायचा. वर्षाअखेर वाचनाची स्पर्धा घेतली. तू धड्याची दोन पानं न अडखळता वाचलीस, सगळ्यांत चांगली. इतर दोन्ही परीक्षकांनी तुला पहिलं दिलं होतं. मी शिक्षिका, तू माझा भाचा. मी कागदावर खाडाखोड केली आणि पहिलं बक्षीस अन्वीला दिलं, तुला दुसरं. घरी जाताना बसमध्ये तू पेन्सिल बॉक्स मांडीवर धरून बसला होतास आणि म्हणालास, "आत्या, आय वॉज फर्स्ट ना?" मी म्हटलं, दुसरा नंबरही छान असतो. त्यानंतर तू मराठी मोठ्याने वाचणं बंद केलंस. आम्हाला वाटलं, मुलगा मोठा झाला, लाजतो.

पुन्हा फोन. या वेळी तुझा बाबा, लेस्टरहून. तो म्हणतो, की नकुल मला सांगतो इट्स फाइन, सही करून टाकतो, क्लबला नको असेन तर राहून काय करू. मग म्हणाला, "मृणाल, तू आहेस ना तिथे, तू बघ." पाच वर्षांपूर्वी तुला माझ्या दारात सोडून जाताना त्याने हेच शब्द वापरले होते. मी हो हो करून ठेवला. त्याला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगायचं होतं.

तर, तू दुप्पट केलंस. एकदाही न कुरकुरता केलंस, थंडीत, ट्रंकेवर पाय टाकून झोपून, रोज दोनशे. आणि तुझं अर्धं धरणारी बाहेरची कोणी नव्हती. मीच निघाले. याची माफी कशी मागतात मला माहीत नाही. ती मागून तुला 'इट्स फाइन' म्हणायला लावायचं नाही, म्हणून मागतही नाही. फक्त चूक कोणाची होती ते कागदावर असू दे.

आज सकाळी नऊ वाजता मी खरा तक्ता, त्या कॉलमसकट, ग्रेगला आणि चेअरमनना पाठवला. सोबत लिहिलं, की गेल्या आठवड्यातल्या मंगळवारचा तक्ता मी अपुरा दिला, मुद्दाम दिला, आणि माझी शिफारस मी मागे घेते. ग्रेग वीस मिनिटांत माझ्या टेबलाशी आला. एकाहत्तर पाहून त्याचा चेहरा पडला हे मी पाहिलं. पण तो म्हणाला, आता उशीर झाला. तीन क्लबांनी हो म्हटलंय, हलच्या सेंटरने घर सोडायची नोटीस दिलीये, आता ऑलीचं नाव घालायचं तर सगळं पहिल्यापासून, आणि तेवढा वेळ नाही. "जस्ट गेट मी हिज सिग्नेचर, मृणाल. ही लिसन्स टू यू." मग मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. त्याला वाटतंय मी तुझी सही आणायला आले. त्याचा फोन येतोय तो त्यासाठी. हा बघ, पुन्हा त्याचाच. वाजू दे.

आता दोन वाजून गेले. प्रॅक्टिस संपवून तू चारच्या सुमाराला वीरच्या घरी पोचतोस, त्याआधी मी हे पाकीट त्याच्या दारातून आत सरकवणार आहे. बेल वाजवणार नाही. पाकीट जाड आहे, कारण त्यात तुझा करार आहे, अठरा पानं. आठवतं, एकोणिसाव्या वर्षी तू त्याच्यावर सही केलीस ती याच टेबलावर? टोबी तुला म्हणाला होता, एजंट घे. तू म्हणालास, माझा एजंट घरीच आहे, ती पोळ्यापण करते. मी शेवटचं पान उघडून पुढे केलं आणि म्हटलं, मी वाचलंय, तू इथे आणि इथे सही कर. तू एक ओळही न वाचता सही केलीस आणि मला उचलून गोल फिरवलंस. म्हणून चौदावं कलम तुला माहीत नाही, आणि ते सांगण्यासाठी हे सगळं पत्र लिहिलं. तेवीस वर्षांखालच्या खेळाडूची अदलाबदल त्याच्या लेखी संमतीशिवाय होत नाही. त्याने संमती नाकारली म्हणून क्लबला त्याचा करार मोडता येत नाही, की त्या रागाने त्याला बेंचवर बसवता येत नाही. हे दुसरं वाक्य लीगच्या समितीत मीच भांडून घालून घेतलं होतं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर इतरांची मुलं होती. आणि सोमवारची ती ईमेल, 'प्लीज साइन अँड रिटर्न बाय फ्रायडे नून', तीही मीच लिहिली. नाही म्हणायचा हक्क आहे ही ओळ तिच्यात असते. ग्रेग म्हणाला, कीप इट शॉर्ट, आणि मी ती ओळ काढली. कॉलम काढला, ओळही काढली. तू नाही म्हणू शकतोस, नकुल. तसं म्हटलंस तर तिन्ही क्लबांचं बिनसेल, सेंटर येणार नाही, आपण सातवेच राहू आणि ड्रेसिंग रूममध्ये काही दिवस तुला कोणी हाय करणार नाही. हे लपवत नाही. माझ्या नोकरीचं काय होईल ते मी बघेन, त्याचा विचार करून सही केलीस तर मात्र तुझ्याशी आयुष्यात बोलणार नाही. डंडीला जावंसं वाटलं तर जा, मी स्वतः ट्रंक भरून देईन. पण क्लबला तू नको आहेस, असं समजून जाऊ नकोस, कारण ते खरं नाही. चौदाव्या कलमाखाली पेन्सिलीने रेघ मारली आहे, पण तेवढ्यावर थांबू नकोस, अठराही पानं उघड. या वेळी मी वाचलंय असं मी म्हणणार नाही. तू वाच.

तुझीच, अजून तसं म्हणू देशील तर,
मृणाल आत्या